गळती

लेंगा हे एका झाडाचं नाव आहे.
आपल्याकडे ऐकणारा हसेल, हसू दे.
नावारिनो बेटावर कुणी हसत नाही.
तिथे लेंगा म्हणजे दीडशे वर्षांचा बुंधा,
एकदा कुरतडून पडला की बुडख्याला
पालवी न फुटणारा.
खालच्या दरीत असे कैक उभे आहेत,
गुडघाभर पाण्यात, राखाडी, सालीविना,
मेल्याची बातमी अजून न पोचलेले.

नोल्बेर्तो मान्सिया
कमरेपर्यंतच्या रबरी बुटांत बांधावर चढतो.
काटक्या, चिखल, मुळ्या, धोंडे,
मधेच कुणाच्या तरी होडीची निळी दोरी.
बीव्हरला काहीही चालतं.
ना टेंडर, ना कंत्राटदार,
आणि थेंब गळत नाही.

यांचे पणजे-खापरपणजे
पेटाऱ्यांत घालून आणले होते इथे, फार उत्तरेकडून.
कुणाला तरी फरचा धंदा काढायचा होता.
कोट काही शिवले गेले नाहीत. बीव्हर वाढले.
खाडी पोहून या बेटावर आले, कुणालाही न विचारता.
मागाहून मिंक आले, पाणकोंबड्यांची अंडी फोडत,
आणि मस्करॅट, दुसऱ्याच्या तळ्यात
भाडं न देता राहणारे.

नोल्बेर्तोचा आजाही बोटीतूनच आला होता,
चिलोएहून, मेंढ्या कातरायला.
त्याला परका कुणी म्हटलं नाही.
म्हणजे, ज्यांनी म्हटलं असतं
ते तोवर फारसे उरले नव्हते.

तो कुदळीने खाच पाडतो.
वीतभर. जास्त नाही.
पाणी बोलायला लागतं.
खाचेच्या तोंडाशी, पाण्याखाली, तो सापळा बसवतो,
हात पँटला पुसतो आणि निघतो.
बाकीचं काम आवाज करतो.

कारण बीव्हरला गळकं पाणी ऐकवत नाही.
घरट्यात पिल्लं कुशीला असतात,
गेल्या सालची मोठी पोरं पलीकडे,
मादी अर्धी झोपेत.
कुठेतरी काहीतरी जातंय.
तो उठतो. उठणारच.
छातीशी चिखलाचा गोळा, दातांत डहाळी.

सकाळी तो जड लागतो, लेकराएवढा.
दात नारिंगी, गंजल्यासारखे.
शेपटीचे पैसे मिळतात, म्हणून आधी शेपटी.
मग मागचा पाय, आणि तिथे ते नख,
मधोमध चिरलेलं:
फणी.
रोज काठावर बसून
अंगभर तेल-फणी करणारा जीव.
नोल्बेर्तो ते नख अंगठ्याने चाचपतो.
का, ते त्याला विचारू नये.

त्या रात्री पोर्तो विल्यम्समध्ये
वारा पत्र्यावर हात आपटत होता
आणि मोरीतला नळ ठिबकत होता.
"उद्या बघू, बाबा," येर्का भिंतीपलीकडून म्हणाली.
तो पडून राहिला.
कूस बदलली.
एक. मग बराच वेळ काही नाही.
मग एक.
माणूस किती वेळ पडून राहील?

पाना हातात घेऊन तो अनवाणी उठला,
अंधारात तीन पावलं गेला,
आणि मोरीच्या उंबऱ्यावर
एकदम थांबला.

पहाटे येर्का चहा ठेवायला आली.
पाना जमिनीवर, जिथे सुटला तिथेच.
नळाला जुन्या बनियनची लांब चिंधी बांधलेली,
थेट तळापर्यंत,
आणि तिच्यावरून पाणी
गुपचूप उतरतंय.
गळती तशीच. आवाज तेवढा बंद.

बाबा बूट चढवत होता.
सहा सापळे बघायचे होते,
आणि उजाडायला लागलं होतं.